अकरावी खिडकी

ब्राकालोनी हवेलीच्या इतिहासातली सगळ्यात मोठी थाप कुणी मारली असं विचारलंत, तर ओलिंतो बार्साक्की छातीवर हात ठेवून ‘मी’ म्हणतो. चारशे वर्षांत त्या घराण्यात व्यापारी झाले, वकील झाले, एक बिशपही होऊन गेला. एवढे तालेवार लोक असताना हा मान दरवानाकडे यावा याचं त्याला स्वतःलाही नवल वाटतं.

ओलिंतो म्हणजे बुटका, पोट पुढे, मिशी झुपकेदार, आणि कुणी काही विचारलं की आधी खाकरून घसा साफ करणारा. हवेलीच्या दारात खुर्ची टाकून बसतो. नदीकाठाने जाणाऱ्या माणसाने नुसती मान वर करून हवेलीकडे बघितलं तरी ओलिंतो खुर्चीतून उठतो, आणि मग त्या माणसाची अर्ध्या तासाने सुटका होते.

हवेली म्हणजे मुळात तीन बुरूज. जुन्या काळी पिसातली बडी घराणी उंच दगडी बुरुजांत राहायची आणि एकमेकांच्या डोक्यावर धोंडे टाकायची. पुढे शहराचा पाडाव झाला, भांडायची हौस फिटली, आणि चामड्याच्या धंद्यात गब्बर झालेल्या एका ब्राकालोनीने शेजारशेजारचे तीन बुरूज घेऊन त्यांना एकच तोंड बसवलं. पिवळा गिलावा, खिडक्यांना राखाडी दगडाच्या चौकटी, कोपऱ्यावर घराण्याची ढाल. आत घोडा चढेल एवढा रुंद जिना, आणि वरच्या दिवाणखान्याला ढगांत बागडणाऱ्या गुबगुबीत पोरांचं रंगवलेलं छत. पलीकडच्या काठावरून पाहिलं तर एकसंध, देखणं घर. फक्त पहिल्या मजल्यावरच्या खिडक्या मोजायच्या नाहीत. डावीकडे चार, मग एक रुंद कोरी भिंत, मग सहा. हसताना मधला दात नसावा तसं दिसतं. त्या कोऱ्या भिंतीमागे दोन बुरुजांच्या भिंती एकमेकींना खेटून उभ्या आहेत, नुसता दगड, अडीच हात जाड, आणि छताचा निम्मा भार त्यावर. तिथे खिडकी काढायची कुणाची छाती झाली नाही. झाली ती एकट्या ओलिंतोची.

सोळा जूनला, सान रानिएरीच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी, आम्ही पिसाची माणसं नदीकाठच्या घरांना पांढरे कपडे चढवतो. म्हणजे पांढऱ्या रंगाच्या लाकडी चौकटी. ज्या त्या घराच्या मापाच्या. खिडकीला खिडकीची, कमानीला कमानीची. त्यांवर काचेचे पेले टांगायचे, पेल्यांत मेणाचे दिवे ठेवायचे. अंधारलं की घरं दिसेनाशी होतात आणि त्यांच्या नुसत्या रेघा उरतात, एकदा काठावर आणि एकदा पाण्यात. ही लुमिनारा.

एकोणीसशे सहासष्टच्या पुराने ब्राकालोनींच्या चौकटी तळघरातून उचलून थेट समुद्राला नेऊन दिल्या. दोन वर्षं दिवे लागलेच नाहीत. एकोणसत्तरला पुन्हा लुमिनारा करायचं ठरलं तेव्हा चोवीस वर्षांचा ओलिंतो प्रीमो गेलार्दोनी या सुताराच्या हाताखाली होता. प्रीमोने त्याला हवेलीचं माप आणायला धाडलं. पुरानंतरची डागडुजी चालू असल्यामुळे हवेलीचं सगळं तोंड फळ्या आणि गोणपाटाने झाकलेलं होतं. ओलिंतोने गोणपाट एका टोकाला उचलून दोन खिडक्यांमधलं अंतर मोजलं, मग हवेलीची लांबी मोजली, आणि भागाकार केला. अकरा आल्या. आत जाऊन बोट दाखवून मोजाव्यात हे काही सुचलं नाही.

“हातांची बोटंसुद्धा पुरली असती,” तो अजून सांगतो. “पण मी पडलो विद्वान. विद्वान माणूस भागाकार करतो.”

जूनमध्ये गोणपाट उतरलं. दुपारी दोन वाजता दोरावर लोंबकळत त्याने दहावी चौकट ठोकली, खाली बघितलं, तर फरसबंदीवर अजून एक चौकट त्याच्याकडे बघत पडलेली. आणि रस्त्याच्या टोकाकडून प्रीमो येत होता. प्रीमोचा हात फार चालायचा. ओलिंतोने चौकट वर ओढली आणि दिसली त्या एकमेव रिकाम्या जागी, कोऱ्या भिंतीवर, सहा खिळ्यांत ठोकून टाकली.

“ही कुठली खिडकी रे, गाढवा?” प्रीमो खालून ओरडला.

“जुनी आहे मास्तर! पूर्वी होती इथे. भिंत घालून बुजवलीय. बाईसाहेब म्हणाल्या, तिलाही दिवे लावा.”

“बुजवली कुणी?”

“त्यांच्याच कुणीतरी पूर्वजाने. बायकोवर संशय घेऊन.”

“बायकोचं नाव काय?”

आता हे प्रीमोला कशाला हवं होतं? पण लटकलेल्या माणसाने काहीतरी म्हणायलाच हवं. आदल्या रविवारी सान रोस्सोरेच्या शर्यतीत ओलिंतोने एका घोडीवर भारी भरवसा ठेवला होता आणि तिने चौथी येऊन त्याचं नाक कापलं होतं. तेच नाव ओठांवर होतं.

“व्हियोलान्ते,” तो म्हणाला.

प्रीमोने टोपी काढली. “बिचारी,” म्हणाला, आणि पुढच्या घराकडे गेला.

संध्याकाळी दिवे लागले तेव्हा पुलावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. दात बसला होता. चारशे वर्षांत पहिल्यांदा ब्राकालोनींची हवेली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी दिसली. नदीकाठची सगळी शहाणी माणसं ओलिंतोच्या भागाकाराच्या बाजूने निघाली. ज्या गावाचा सगळ्यात नावाजलेला मनोरा वाकडा आहे, त्या गावात एक खिडकी जास्त झाली तर चालून जातं.

त्याच गर्दीत लोरियाना होती. कपड्यांना इस्त्री करणाऱ्या दुकानातली मुलगी, हातांना सदा स्टार्चचा वास. ओलिंतोने तिच्याशेजारी जागा मिळवली आणि खाकरून घसा साफ केला. दुपारपासून गोष्ट बरीच वाढली होती. आता त्या खिडकीतून व्हियोलान्ते एका नावाड्याकडे बघायची, आणि नवऱ्याने ती बुजवल्यावर आतल्या अंधारात बसून ती वल्ह्यांचा आवाज ऐकायची. लोरियाना ढसाढसा रडली. पुढच्या वर्षी त्यांनी लग्न केलं. त्यानंतरच्या वर्षी हवेलीच्या मालकीणबाई, कोन्तेस्सा एर्सिलिया ब्राकालोनीने ओलिंतोला बोलावून दरवानाची नोकरी आणि जिन्याखालच्या दोन खोल्या दिल्या. आपल्या इतिहासाच्या ज्ञानावर बाईसाहेब खूश झाल्या, असं ओलिंतोने ठरवून टाकलं.

आणि खिडकी वर्षानुवर्षं राहिली. अकरा चौकटी क्रमांक घालून तळघरात ठेवायच्या, अकरा बाहेर काढायच्या. प्रेमात पडलेली मुलंमुली त्या भिंतीखाली उभी राहू लागली. एका माहितीपत्रकात तिचं नाव छापून आलं. आमच्या जुन्या वैऱ्यांच्या गावातून, लिव्होर्नोहून, आलेल्या एका खवट माणसाने विचारलं, “आतून दिसते का हो ती?” तर ओलिंतो म्हणाला, “लिव्होर्नोच्या माणसाला नाही दिसत,” आणि विषय संपला. लिव्होर्नोच्या माणसाशी आम्ही याहून जास्त बोलत नाही.

पण थाप मारून मोकळं होणाऱ्याला, ती कुणाच्या घरी जाऊन राहते हे कुठे कळतं! ही ओलिंतोच्याच घरी राहायला आली. चौऱ्याहत्तर साली त्यांना मुलगा झाला. रेमो. एकोणीस दिवस जगला. त्यानंतर कितीतरी दिवस लोरियाना कुणाशीही बोलली नाही. मग एका सकाळी ती बाहेर गेली आणि त्या कोऱ्या भिंतीला हात लावून उभी राहिली. ओलिंतोने दारातून पाहिलं. तिचे ओठ हलत होते. तेव्हाच जाऊन सांगायला हवं होतं. तो आत गेला आणि कॉफी टाकली. तेव्हापासून ती भिंतीला हात लावल्याशिवाय दिवस सुरू करत नसे. दर महिन्याला कबरस्तानात जायची, एकटी. ओलिंतोला दार सोडता येत नाही, हे कारण त्याने तीस वर्षं वापरलं. दार तर महिन्यातून दहा वेळा सोडायचा, कोपऱ्यावर गरमागरम चेचीना, म्हणजे हरभऱ्याच्या पिठाची पोळी, खायला.

हे असंच चाललं असतं. पण दोन हजार चारच्या वसंतात हवेलीच्या तोंडाची दुरुस्ती निघाली आणि तोन्येत्ती नावाच्या तरुण आर्किटेक्टबाई आल्या. फार कामसू. कानावर पेन्सिल, हातात तेच माहितीपत्रक.

“तुम्हीच बार्साक्की ना? या काठाचा इतिहास तुम्हाला पाठ आहे म्हणतात.”

“लोक बोलतात काहीतरी,” ओलिंतो म्हणाला, आणि पोट आत घेतलं.

“ही बुजवलेली खिडकी आम्ही पुन्हा उघडणार आहोत. मूळ रचना परत आणायची. तुम्ही तरुणपणी इथे काम केलंत. गिलाव्याखाली कमानीची खूण पाहिलीत का? साक्षीदार म्हणून तुमची सही हवी आहे.”

इथे माणसाने ‘नाही’ म्हणायचं असतं. तीन अक्षरंही नाहीत. पण आर्किटेक्टबाईंनी त्याला ‘साक्षीदार’ म्हटलं होतं, आणि आजवर त्याला कुणी काहीच म्हटलं नव्हतं.

“पाहिली की,” ओलिंतो म्हणाला. “दगडी. नक्षीची.”

त्याने कागदावर सही केली. सहीखाली रेघसुद्धा मारली. कोन्तेस्साबाईंचीही सही झाली होती. तीन आठवड्यांनंतरच्या सोमवारी गवंडी येणार, भिंत फोडायला सुरुवात.

सही वाळते न वाळते तोच त्याची पाचावर धारण बसली. भिंतीमागचा दगड त्याला ठाऊक होता. पुरानंतर काम केलेल्या जुन्या गवंड्याने कधीच सांगितलं होतं. दगड हलला तर छत खाली, आणि छताखाली शहाऐंशी वर्षांच्या बाईसाहेब पत्ते लावत बसलेल्या. न सांगावं तर त्या गुबगुबीत पोरांसकट छत त्यांच्या अंगावर. सांगावं तर नोकरी, खोल्या, नाव सगळं जाणार. आणि लोरियानाला कळणार. बाकीचं तो कसंबसं गिळू शकला असता. तिच्या विचाराने मात्र घास अडकत होता.

त्या सोमवारच्या आदल्या शनिवारी तो टोपी हातात घेऊन जिना चढला. कोन्तेस्साबाई खिडकीशी एकट्याच पत्ते लावत होत्या.

“बाईसाहेब, ती खिडकी...”

“कुठली?”

“अकरावी. ती... बाईसाहेब, ती कधी नव्हतीच.”

बाईंनी पत्ता खाली ठेवला. “ओलिंतो, मी या घरात जन्मले. माझ्या घराच्या खिडक्या मला मोजता येत नाहीत, असं वाटलं तुला?”

पस्तीस वर्षं त्याने साऱ्या जगाला फसवलं आणि त्या पस्तीस वर्षांत एकदाही त्याच्या डोक्यात आलं नाही, की घरमालकिणीला दहापर्यंत मोजता येत असेल.

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“काय बोलणार? चिखल उपसून उपसून थकलेलं गाव होतं. तू दोरावर गात होतास, बेसूर. दिवे छान दिसले. नंतर माझ्या पाहुण्यांना तू माझ्या पणजीची गोष्ट सांगायला लागलास. आमच्यात व्हियोलान्ते कुणी झाली नाही. आमच्या बायका चामड्याच्या वासाने डोकं दुखतं म्हणून तक्रार करायच्या, एवढाच आमचा इतिहास. तुझा बरा होता. म्हणून तर तुला खाली ठेवून घेतलं.”

“पण बाईसाहेब, सोमवारी भिंत फोडणार! आणि तुम्ही सही केलीत!”

“तू वर येतोस का ते बघत होते. तीन आठवडे लावलेस.” त्यांनी दुसरा पत्ता उचलला. “उद्या सकाळपर्यंत वाट पाहून मीच फोन करणार होते. जीव मलाही प्यारा आहे. आता त्या पोरीला तूच सांग. आणि घोडीचं वगैरे नीट सांग.”

“घोडीचं तुम्हाला...”

“मीही त्याच घोडीवर पैसे लावले होते, मूर्खा.”

तोन्येत्तीबाईंना सांगणं त्यामानाने सोपं गेलं. त्या लाल झाल्या, पांढऱ्या झाल्या, मग त्यांनी त्याचा कागद फाडला. “नक्षीची म्हणालात हो तुम्ही!” एवढंच त्या दोनदा म्हणाल्या. मग फर्मान सोडलं. यापुढे चौकटी घराच्या मापानेच लागतील. दहा.

राहिली लोरियाना. ती स्वयंपाकघरात शेंगा सोलत होती. ओलिंतोने उभ्यानेच सगळं सांगितलं. भागाकार, चौकट, प्रीमो, घोडी. एरवी ही गोष्ट अर्धा तास चालली असती. त्या दिवशी दोन मिनिटांत संपली.

लोरियानाने मान वर केली नाही. “कितवी आली होती?”

“कोण?”

“घोडी.”

“चौथी.”

तिने राहिलेल्या शेंगा सोलल्या, सालं गोळा केली, आणि त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. ताट वाढायची, कपडे धुवायची, इस्त्री अशी करायची की विजार जमिनीवर उभी राहावी, पण शब्द नाही. भिंतीजवळही गेली नाही. ओलिंतो दारात बसून राहायचा. कुणी वर बघत गेलं तर उठायचा नाही. लोकांना वाटलं, म्हातारा आजारी आहे.

सोळा जूनला हवेलीवर दहा खिडक्या उजळल्या. मधे काळोखाची एक रुंद पट्टी. गर्दीतून हाका सुरू झाल्या. “ओलिंतो, तुझी एक खिडकी विझली रे!” “व्हियोलान्ते झोपली का?” तो प्रत्येकाला सांगत होता, नव्हतीच ती, मीच मोजायला चुकलो, आणि प्रत्येक जण हसून त्याच्या पाठीवर थाप मारत होता. पस्तीस वर्षांपूर्वी खोटं बोलला तेव्हा एका झटक्यात पटलं, आणि आता घसा कोरडा होईतो खरं बोलतोय तर सगळे म्हणतायत, काय झकास गोष्ट रचलीस! ओलिंतोला स्वतःचंच हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. लोरियाना पुलावर कठड्याला टेकून उभी होती. तो जाऊन तिच्या बाजूला उभा राहिला. या वेळी घसा साफ केला नाही.

तीच आधी बोलली. “रेमोला कबरस्तानात ठेवलं तेव्हा मी त्याला सांगितलं होतं, भिऊ नकोस. अंधारात राहायची सवय असलेली एक बाई आहे, ती तुला जवळ घेईल. तिच्या भरवशावर ठेवून आले मी त्याला.”

ओलिंतोने हवेलीवरच्या त्या काळ्या पट्टीकडे पाहिलं.

“तीस वर्षं झाली. उद्या तू चल, आणि तूच सांग त्याला.”

सतरा जूनला सणाची सुट्टी. सकाळी ओलिंतोने चांगला कोट घातला, हवेलीचं दार ओढून घेतलं आणि बायकोमागून निघाला. कबरस्तानात लहान मुलांची रांग भिंतीच्या कडेला आहे, छोटे छोटे दगड, बऱ्याच दगडांवरची अक्षरं उन्हापावसाने पुसट झालेली. लोरियाना नळावर पाणी भरायला थांबली. ओलिंतो एकटाच पुढे गेला. एका दगडासमोर उभा राहिला, टोपी काढली. सगळ्या पिसाला गोष्टी सांगणाऱ्या या माणसाला पहिला शब्द सापडेना. शेवटी तो म्हणाला, “रेमो, मी तुझा बाप. मी खोटं बोललो रे. तिथे बाई कुणी नाही. तू एकटाच होतास...” तो रडायला लागला.

मागून लोरियाना आली. पाण्याचं भांडं तिने खाली ठेवलं आणि त्याचा दंड धरला.

“ओलिंतो,” ती हळूच म्हणाली, “तो इथे नाही. पुढचा.”

तिने त्याला एक पाऊल सरकवून उभं केलं. ओलिंतोने बाहीने डोळे पुसले, वाकून दगडावरचं नाव बोट फिरवून वाचलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.